फुकटचा नोकर

महाराष्ट्रातील बहुतेक घरांची गप्पी माशाशी पहिली ओळख झाली ती हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्यांमुळे. वापरात नसलेल्या विहिरी, बांधकामावरचे हौद, साचलेली डबकी हेरून नगरपालिकेची माणसे त्यांत बोटाच्या पेराएवढे करडे मासे सोडतात. हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून त्यांचा एवढा मान. त्यांच्या नावाचा मराठी गप्पांशी मात्र काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी या निसर्ग-अभ्यासकाने हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि १८६६ साली तेथील तज्ज्ञाने त्यांना त्याचे नाव दिले. पुढे असे लक्षात आले की, व्हिल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन करून ठेवले होते. शास्त्रीय नाव पीटर्सचे टिकले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच राहिला.

विहिरीतल्या या करड्या माशाचे रंगीत भाऊबंद आता दिवाणखान्यांत आणि पेढ्यांवर दिसतात. मोराच्या पिसाऱ्यासारखी शेपटी असलेला तीन-चार सेंटिमीटरचा नर आणि त्याहून थोराड, फिक्या रंगाची मादी. व्यापारी घरांत ही काचेची पेटी बहुधा दोन वाटांनी येते. एक, वास्तूचा कुणी जाणकार दुकानाच्या ईशान्य कोपऱ्याकडे बोट दाखवतो. दोन, घरातले मूल हट्ट धरते. पेटी लहान, मासा स्वस्त आणि कणखर, त्यामुळे निर्णयाला फारसा वेळ लागत नाही. पहिले दोन महिने सारे छान असते. मग एके दिवशी काचेवर हिरवी साय धरलेली दिसते, दगडांवर तपकिरी बुरा बसतो, झाडांच्या पानांवर केसांसारखे धागे लोंबू लागतात. अशा वेळी पेटी विकणाऱ्याकडे गेले की उत्तर ठरलेले असते : "शेठ, एक सकर टाका. काच चाटून लख्ख करील. त्याला वेगळं खायला घालायचीसुद्धा गरज नाही."

व्यापाऱ्याच्या कानाला हे वाक्य फार गोड लागते. पगार नाही, जेवण नाही, सुट्टी नाही आणि काम चोवीस तास. असा नोकर बाजारात कुठेच मिळत नाही, हे ज्याला पेढीवर पक्के ठाऊक असते, तोच गृहस्थ माशांच्या दुकानात मात्र त्यावर विश्वास ठेवून पिशवी घेऊन घरी येतो.

सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. घरात अण्णा म्हणजे कर्ते आजोबा, आजी, मुलगा, रसायनशास्त्रात पदवी घेतलेली सून आणि दहा वर्षांचा नातू. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे कागदावर ५६ लिटर; तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या आसपास. तीत दहा गप्पी आणि वर हा पाच सेंटिमीटरचा सकर. ठिपक्यांच्या अंगाचा, तोंडाने काचेला चिकटून राहणारा, नातवाचा लगेच आवडता झालेला.

सकर या नावाने विकला जाणारा हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेतला, चिलखती अंगाचा, मांगूर-शिंगाड्याच्या दूरच्या कुळातला. लहानपणी तो शेवाळ खातो हे खरे. पण हे बाळ वाढून एक फुटाचे, कधी दीड फुटाचे होते, हे विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही. एक फूट रुंदीच्या पेटीत एक फूट लांबीच्या जिवाने वळायचे कसे, हा साधा भूमितीचा प्रश्न आहे. शिवाय वय वाढते तसा त्याचा शेवाळातला रस कमी होतो, भूक आणि विष्ठा मात्र वाढते. ज्या पाण्याची स्वच्छता करायला त्याला आणले, ते पाणी घाण करण्यात त्याचाच वाटा सर्वांत मोठा ठरतो.

सांगलीच्या त्या घरी आठ महिन्यांत सकर वीतभर झाला. रात्री दिवा मालवला की पेटीत धडपड ऐकू येई. सकाळी झाडे उपटलेली आणि पाणी गढूळ. काचेवर शेवाळ होते तसेच होते. सूनबाईंनी पाण्याची तपासणी करण्याची लहान पेटी मागवली. नायट्रेटचा रंग गडद लाल आला.

"अण्णा, हा नोकर खर्चाच्या बाजूला लिहायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली. हिशोब त्यांना लगेच कळला. आता या जिवाचे करायचे काय, हा प्रश्न अवघड होता.

आजींचे उत्तर मनापासूनचे होते. "कृष्णामाईत सोडून देऊ. बिचारा मोकळा होईल. तेवढंच अभयदान."

जीवदयेचा संस्कार असलेल्या घरांत हा विचार प्रथम यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. जुन्या घरांत पाणी गाळण्याची एक पूर्ण शिस्त होती. दुहेरी जाड कापडातून पाणी गाळायचे. मग ते गाळणे उलटे करून गाळलेल्या पाण्याने अलगद धुवायचे. आणि ती जिवाणी त्याच विहिरीत, त्याच पाण्यात, हळुवार परत सोडायची. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकायची नाही. या नियमामागे बारीक विचार आहे. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असे नाही. आणि तो जगला, तर तेथे आधीपासून राहणाऱ्यांचे काय होईल, याची हमी देता येत नाही. ॲमेझॉनच्या कुळातला मासा कृष्णेत सोडणे हे त्या नियमाच्या नेमके उलट आहे.

आणि हे भय काल्पनिक नाही. केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल या राज्यांतल्या तळ्यांत आणि नद्यांत पेट्यांमधून बाहेर पडलेले सकर आज ठाण मांडून बसले आहेत. महाराष्ट्रात भीमेवरील उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत ते सापडतात. भीमा पुढे कृष्णेलाच मिळते. या माशाचे काटेरी चिलखत जाळी फाडते; काठच्या मातीत तो बिळे करतो; हवेतला प्राणवायूही घेऊ शकत असल्यामुळे घाण, आटत्या पाण्यातही तगतो. अन्नासाठी तो स्थानिक माशांशी स्पर्धा करतो. एका जिवाला दिलेले अभय असंख्य जिवांवर संकट होऊन कोसळते. जे सकरचे, तेच गप्पीचे. डासांसाठी कुठे मासे सोडायचे आणि कुठे नाही, हे आरोग्य खात्याने ठरवावे; घरच्या पेटीतले गप्पी नदीत, तळ्यात वा देवळामागच्या बारवेत ओतण्याचा अधिकार गृहस्थाला नाही.

अण्णांनी हे आजींना समजावले, तेव्हा जिवाणीच्या उदाहरणाने त्यांना ते पटले. दुकानदाराने मासा परत घेण्यास आधी नकार दिला. मग अण्णांनी पैसे नकोत असे सांगितल्यावर तो कबूल झाला, पण पुन्हा एखाद्या दोन फुटी पेटीतच विकीन, हेही त्याने लपवले नाही. शेवटी ओळखीतून एका शेतकऱ्याचा पत्ता लागला. त्याच्या घराच्या ओसरीत सिमेंटचा मोठा बंदिस्त हौद होता आणि त्याला रंगीत मासे पाळण्याचा नाद होता. पाण्याने भरलेल्या झाकणाच्या बादलीत सकर तिकडे गेला. नातू दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

यानंतर त्या घरात जो शोध सुरू झाला, तो अनेक घरांना उपयोगी पडेल असा आहे. गप्पींसोबत लहान पेटीत शेवाळ खाणारा जोडीदार ठेवायचा तर कोणता?

बाजारात 'अल्गी इटर' या नावाखाली जे विकले जाते त्यात पहिला चिनी अल्गी इटर. बऱ्याचदा सोनेरी रंगात येतो, देखणा असतो. तो २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी भांडखोर होतो. शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटण्याची सवय त्याला लागते. मंद पोहणाऱ्या, लांब शेपटीच्या गप्पींना तो जगू देत नाही. दुसरा सयामी अल्गी इटर. हा मात्र कामाचा प्रामाणिक. दाढीच्या केसांसारखे काळे शेवाळ, ज्याला सहसा कुणी तोंड लावत नाही, तेही तो खातो. पण तो पंधरा सेंटिमीटर होतो, सतत धावतो. त्याला तीन-चार फुटांची पेटी हवी. तिसरा ब्रिसलनोज, म्हणजे सकरचाच ठेंगू नातलग, नाकावर मिशांसारखे कोंब असलेला. बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबतो, स्वभावाने शांत, लाकूड खरवडायला आवडणारा. शंभर लिटरच्या पेटीत तो उत्तम. पंचेचाळीस लिटरमध्ये त्याची कोंडी होते. कोरीडोरस या तळाशी फिरणाऱ्या माशालाही सफाईदार म्हणून खपवतात. तो शेवाळ खातच नाही.

मग उरतो ओटोसिंक्लस, ज्याला हौशी लोक ओटो म्हणतात. चार सेंटिमीटरचा, अंगावर काळा पट्टा, कुणाच्या अध्यात न मध्यात. नव्या पेटीत येणारा तपकिरी बुरा हे त्याचे आवडते अन्न. लहान पेटीत मावणारा शेवाळखाऊ मासा विचारला तर त्याचेच नाव घ्यावे लागते. परंतु त्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात. तो एकटा राहू शकत नाही. चार-सहांची सोबत लागते. बाजारातले बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतील नद्यांतून पकडून आणलेले असतात. त्या प्रवासात ते उपाशी राहतात आणि घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बरेचसे दगावतात. आणि तो फक्त जुन्या, मुरलेल्या पेटीतच जगतो. पेटी नवी असताना माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार झालेले नसतात. हे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओटोसाठी त्याहूनही अधिक काळ, काही महिने, थांबणे बरे.

सूनबाईंनी हे सारे वहीत लिहून काढले आणि ओटोवर काट मारली. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सहा आणायचे म्हणजे त्यातले दोन-तीन मरणार हे धरूनच आणायचे. धंद्यात तूट धरतात तशी ही तूट मला धरवत नाही."

माशांखेरीज दोन पर्याय होते : कोळंबी आणि गोगलगाय. अमानो कोळंबीचे नाव जपानच्या तकाशी अमानो यांच्यावरून पडले. पेटीत पाणवनस्पतींची निसर्गदृश्ये रचण्याची कला त्यांनी जगभर नेली आणि १९८०च्या दशकात शेवाळावर उपाय म्हणून ही कोळंबी प्रसिद्ध केली. केसाळ शेवाळावर तिच्यासारखे काम दुसरे कुणी करत नाही. लाल चेरी कोळंबी त्याहून लहान आणि स्वस्त. पण तिची नखभर पिल्ले गप्पींच्या तोंडात मावतात, आणि जे तोंडात मावते ते गप्पी खातो. दाट झाडी नसेल तर त्या पेटीत रोज शिकार चालते. डोळ्यांसमोर हे होऊ देणे त्या घराला मान्य नव्हते.

राहिली नेराइट गोगलगाय. दोन-अडीच सेंटिमीटरचा, पट्ट्यापट्ट्यांचा शंख. काचेवरचे कडक हिरवे ठिपके, जे माशांच्या तोंडाला हलत नाहीत, ते ती खरवडते. झाडांची पाने सहसा खात नाही. तिच्या शंखाला चुना लागतो, म्हणून तिला जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. गप्पीलाही तेच मानवते. सांगलीच्या त्या घरातले बोअरचे जड पाणी, ज्याच्या नावाने गीझर दुरुस्त करणारा नेहमी बोटे मोडतो, ते या दोघांना मात्र लाभदायक ठरले. शिवाय नेराइटची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागते. त्यामुळे इतर गोगलगायींप्रमाणे पेटीत तिची बेसुमार वीण होत नाही. दगडांवर पांढरे तिळासारखे ठिपके तेवढे दिसतात. ती पेटीबाहेर चढून जाते, म्हणून झाकण घट्ट हवे. उलटी पडली तर कधी कधी तिला सरळ होता येत नाही, तेव्हा हाताने सरळ करावे. तीन नेराइट आल्या आणि त्यांची देखरेख नातवाकडे गेली.

महिनाभरात काच स्वच्छ झाली, आणि येथेच या साऱ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा समोर आला. शेवाळ खाणाऱ्याने काम चोख केले की त्याचे अन्न संपते. आळशी सफाईदार पोटभर जेवतो आणि मेहनती उपाशी मरतो. असंख्य घरांत ओटो आणि गोगलगायी अशाच जातात; घरच्यांना वाटते, आयुष्यच तेवढे असेल. म्हणून फुकटचा नोकर हा शब्दच चुकीचा आहे. पेटीत आलेला प्रत्येक जीव हा पोसायचा जीव असतो. काच चकचकीत दिसू लागली की आठवड्यातून दोनदा काकडीची पातळ चकती उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, काट्याला टोचून तळाशी ठेवावी. दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाकावी, नाहीतर ती कुजते. पालकाचे उकडलेले पान, शेवाळापासून केलेल्या वड्या हेही चालते. मागच्या बाजूच्या काचेवरचे शेवाळ मुद्दाम राहू द्यावे. ती त्यांची कोठी आहे.

दुसरी काळजी औषधांची. गप्पींना बुरशी किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की दुकानातून निळ्या-हिरव्या थेंबांची बाटली आणली जाते. त्यात तांबे असेल तर माशांना वाचवणारे ते औषध गोगलगाय आणि कोळंबीला विष ठरते. औषध देण्याआधी आजारी मासा वेगळ्या भांड्यात घेणे हाच मार्ग. पेटीत भरायचे नळाचे पाणीही एक दिवस उघडे ठेवून किंवा क्लोरीन मारणारे थेंब घालूनच वापरावे.

तरीही मूळ प्रश्न शेवाळ खाणार कोण, हा नाहीच. शेवाळ येते कशाने, हा आहे. आपल्या परंपरेत शेवाळ ही अनंतकाय वनस्पती मानली जाते. ते तुडवू नये म्हणून पावसाळ्याआधी अंगण, न्हाणी कोरडी राखण्याची काळजी जुनी माणसे घेत. आधी वाढू द्यायचे आणि मग खरवडायचे, यापेक्षा उगवूच न देणे ही त्यांची यतना होती. पेटीलाही तेच लागू पडते. शेवाळाला दोनच गोष्टी लागतात : उजेड आणि खत. त्या घरात दिवा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, पंधरा-सोळा तास चालू असे. शिवाय पेटी पूर्वेच्या खिडकीसमोर. खाणे तर येता-जाता प्रत्येक जण टाकी, कारण गप्पी माणूस दिसला की काचेशी येऊन जणू उपाशी असल्यासारखे नाचतात. न खाल्लेले अन्न कुजून त्याचे खत होते. हे शेवाळ म्हणजे पेटीत जमा झालेल्या शिलकेवर चढलेले व्याजच.

पेटी खिडकीपासून हलवली. दिव्याला टाइमर लावून सात तासांवर आणले. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि ते देण्याचा अधिकार फक्त नातवाचा. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचे. ते जुने पाणी तुळशीला आणि जास्वंदीला. भराभर वाढणारी पाणवनस्पती लावली, म्हणजे शेवाळाच्या वाट्याचे खत ती खाते. समोरच्या काचेवर जे थोडे उरे, ते अण्णा मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडीत. हे कार्ड पहिल्यांदाच काही जमा करते आहे, असा विनोदही ते करीत. दोन महिन्यांत नायट्रेटचा रंग लालवरून नारिंगीवर आला.

एवढे सारे मार्गी लागले, तेव्हा आजींनी एक प्रश्न विचारला आणि घर गप्प झाले. त्या माशांच्या खाण्याचा डबा सूनबाईंकडे देत म्हणाल्या, "यात काय असतं ते मला वाचून दाखव बघू."

घटकांच्या यादीत पहिलेच नाव माशांच्या भुकटीचे होते. गप्पी निसर्गात शेवाळही खातो आणि कीटकांच्या अळ्याही. निव्वळ शाकाहारी तो नाही. स्पिरुलिना आणि सोयाबीनवर आधारलेले खाणे मिळते, पण डब्यावरचे मोठे हिरवे अक्षर वाचून थांबू नये. मागची बारीक यादी वाचावी लागते. जिवंत अळ्या तर त्या घरात येणेच शक्य नव्हते. आणखी एक गोष्ट नातवाने सांगितली, ती त्याने बरेच दिवस मनात ठेवली होती. मादीला पिल्ले झाली की सकाळी वीस असतात, संध्याकाळी चार उरतात. बाकीची त्यांच्या आईनेच खाल्लेली असतात.

गप्पी मादी अंडी घालत नाही, सुमारे महिन्याभराने जिवंत पिल्लांना जन्म देते. एकदा नराशी संग झाला की बीज पोटात साठवून पुढे कित्येक महिने, नर नसतानाही, ती वीत राहते. म्हणजे पेटीत नर-मादी एकत्र ठेवणे हा न संपणारा जन्म-मृत्यूचा फेरा घरात मांडून ठेवण्यासारखे आहे.

त्या रात्री जेवणानंतर बराच वेळ बोलणे झाले. मुलगा म्हणाला, "अण्णा, सगळेच कुणाला तरी देऊन टाकू. प्रश्न मिटेल."

"आपला मिटेल, त्यांचा नाही," अण्णा म्हणाले. "आपण आणलेत ना? मग आपल्याच दारात जगू देत."

ठरले ते असे. नवा मासा आणायचा नाही. असलेल्यांना त्यांना आवश्यक ते खाणे द्यायचे, जेवढे वनस्पतिजन्य देता येईल तेवढे देऊन. नर घरच्या पेटीत, माद्या पेढीवरच्या दुसऱ्या पेटीत, भरपूर तरंगत्या झाडीसह, म्हणजे पुढील काही महिने जी पिल्ले होतील त्यांना लपायला जागा मिळेल. महिना-दीड महिन्याने पिल्लांतले नर ओळखू येऊ लागतात. पोटाखालचा पर टोकदार होऊ लागतो. त्यांना वेळीच उचलून घरच्या पेटीत आणायचे. गप्पीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. वीण थांबली की पेटी आपोआप, कुणालाही नदीत न सोडता, कुणालाही न मारता, रिकामी होत जाईल.

"मग रिकाम्या पेटीचं काय करायचं, आजोबा?" नातवाने विचारले.

"रिकामी कुठं राहील? तुझ्या गोगलगायी असतील. झाडं असतील."

ज्यांच्या घरी पेटी नाही आणि आणण्याचा विचार आहे, त्यांनी या घराकडून तीन प्रश्न उसने घ्यावेत. हा जीव पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? त्याचे नेहमीचे अन्न संपले तर मी त्याला काय देणार? आणि नको झाला तर त्याला कुठे ठेवणार? दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर पिशवी हातात घेऊ नये. ज्यांच्या घरी पेटी आहे, त्यांनी पर्युषणात किंवा शिखरजीच्या यात्रेला जाताना शेजाऱ्याच्या हाती खाण्याचा डबा देऊ नये. निरोगी, वाढलेले गप्पी आठवडाभर न खाता सहज राहतात. प्रेमापोटी ओतलेल्या मूठभर खाण्याने मात्र दोन दिवसांत पाणी सडते. जाण्याआधी पाणी बदलावे, दिवा टाइमरवर ठेवावा, झाकण तपासावे आणि मागच्या काचेवरचे शेवाळ खरवडू नये. गोगलगायींची तेवढ्या दिवसांची शिदोरी तीच असते.